आकडा सगळ्यात शेवटी वाचा: जुन्या ब्रिटिश लष्करी पिस्तुलांवरचे ठसे कसे ओळखायचे

वाड्यातली जुनी पेटी उघडते, तेलकट कापडात गुंडाळलेले पिस्तूल बाहेर येते आणि घरातले कुणीतरी विचारते, "यावर ६१२ नंबर आहे, म्हणजे हे कोणत्या सालचे?" प्रश्न साहजिक आहे. गाडीला नंबर असतो, घड्याळाला असतो, मग पिस्तुलाला का नसावा? पण अठराव्या शतकातल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ब्रिटिश लष्करी पिस्तुलावर कारखान्याचा अनुक्रमांक नसायचाच. तो ६१२ बहुधा पलटणीच्या शस्त्रागारातला क्रमांक असतो: घोडदळातल्या कुणा शिपायाला दिलेले, संध्याकाळी परत मोजून घेतलेले पिस्तूल. त्यावरून साल कळत नाही. साल सांगतात ते बाकीचे ठसे, आणि ते एका ठरावीक क्रमाने वाचावे लागतात. या लेखात तोच क्रम दिला आहे.

हात लावण्याआधी

दोनशे वर्षे पेटीत पडलेले पिस्तूलही भरलेले असू शकते. ठासणीच्या पिस्तुलात बार ठासून ठेवायचा आणि तो तसाच राहून जायचा, हे अनेकदा घडले आहे. तपासायची रीत सोपी आहे. तोंड माणसांपासून दूर ठेवून एक पातळ लाकडी काडी नळीत टेकेपर्यंत अलगद सोडा, तोंडाजवळ काडीवर पेन्सिलीने खूण करा, काडी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तेवढीच लांबी धरा. काडीचे टोक रंजकाच्या भोकापर्यंत, म्हणजे जिथून ठिणगी आत जाते तिथपर्यंत पोहोचले तर नळी रिकामी. बोटभर अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. मग ते उकरून काढू नका. पोलीस ठाण्यात कळवा किंवा परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा. वेबली या ब्रिटिश बनावटीचे रिव्हॉल्व्हर असेल तर डाव्या बाजूची खिट्टी अंगठ्याने दाबून नळी खाली वाकवली की सिलिंडरची सगळी घरे डोळ्यांसमोर येतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे. पण ते शस्त्र दुरुस्त करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे वापरण्याजोगे नसले तरच ती सूट लागू होते. 'जुने आहे म्हणून चालते' हा समज चुकीचा आहे. चालू स्थितीतल्या वेबलीला परवाना लागतो, मग ती पणजोबांची का असेना. आपले पिस्तूल कुठे बसते हे जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारून घ्यावे. याच कायद्याच्या ८ व्या कलमाने शस्त्रावरचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणे, बदलणे, नवी ठोकणे यांना मनाई आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, त्यामुळे परदेशी राहणाऱ्या भावाला 'आठवण म्हणून' पाठवण्याचा विचारही करू नका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एवढेच सांगतो की तिथल्या १९६८ च्या कायद्यातली 'अँटिक' ची व्याख्या काडतूस कालबाह्य आहे की नाही यावर बरीच अवलंबून असते आणि मार्च २०२१ पासून तिचे नियम बदलले आहेत.

साफसफाई करू नका

हे मी मोठ्या अक्षरांत लिहिले असते. मुठीच्या बुडाची पितळी टोपी चिंचेने किंवा पितळेच्या पावडरीने घासून लखलखीत केलेली मी पाहिली आहे. त्यावर पलटणीची अक्षरे कोरलेली होती हे नंतर एका जुन्या फोटोवरून कळले. दोनशे वर्षे टिकलेली ती ओळख एका दिवाळीच्या साफसफाईत गेली. मऊ सुती कापड आणि यंत्राच्या तेलाचे दोन थेंब, एवढेच पुरे. पॉलिश कागद, तारेचा ब्रश, लिंबू, ॲसिड यांतले काहीही नको.

ठसा वाचण्यासाठी लागतो तो तिरपा उजेड. खोलीत अंधार करा, टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. समोरून अजिबात न दिसणारा मुकुट सावलीतून उठून येतो. प्रत्येक ठशाचे चार दिशांनी प्रकाश टाकून चार फोटो काढा. त्याशिवाय ठशावर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसेच. अनेकदा फोटोपेक्षा हा छाप जास्त बोलतो. लॉकप्लेट, म्हणजे बाजूची सपाट पोलादी पट्टी, उघडायचा मोह मात्र आवरा. जुन्या पेचांच्या खाचा अरुंद असतात आणि आजचा पेचकस त्या फोडतो. आतले ठसे बघायचेच असतील तर ते काम जाणकाराच्या हातून करवून घ्या.

आधी अंग, मग ठसे

ठसा खोटा असू शकतो, बदलून आलेल्या भागावरचा असू शकतो. पिस्तुलाचे अंग सहसा खोटे बोलत नाही. म्हणून आधी ते चकमकीचे आहे, केपाचे आहे की काडतुसाचे, हे ठरवा. चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाच्या, जबड्यात गारगोटी धरलेली असते आणि समोर रंजकाची छोटी वाटी असते. केपाच्या पिस्तुलात वाटीच्या जागी पोकळ बोंडी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसते. ब्रिटिश फौजेत हा बदल साधारण १८४० च्या आसपास झाला. चकमकीची अनेक पिस्तुले नंतर केपाची करून घेतली गेली, त्यामुळे वाटी काढून बुजवलेली जागा दिसते का तेही पाहा.

मग पट्टी आणि व्हर्नियर घ्या. नळीची लांबी तोंडापासून मागच्या टोकापर्यंत मोजा, भोकाचा व्यास, म्हणजे बोअर, तोंडाशी मोजा. न्यू लँड पॅटर्न नावाचे घोडदळाचे पिस्तूल ९ इंची नळीचे आणि ०.६५ इंच, म्हणजे सुमारे १६.५ मिलिमीटर बोअरचे असते. बार ठासायचा त्याचा गज एका बिजागरीने नळीलाच जोडलेला असतो, म्हणजे घोड्यावर बसून ठासताना तो हातातून पडत नाही. आरमाराचे लांब पिस्तूल १२ इंची नळीचे असते आणि त्याच्या डाव्या अंगाला पट्ट्यात अडकवायचा पोलादी आकडा असतो. १८५६ च्या पॅटर्नचे आटे पाडलेल्या नळीचे पिस्तूल १० इंची, ०.५७७ बोअरचे. एवढ्या मापांवरच निम्मे काम होते.

लॉकप्लेट

घोड्याखालची सपाट पोलादी पट्टी म्हणजे लॉकप्लेट. सगळ्यात बोलका भाग हाच. घोड्याच्या पुढे मुकुट आणि त्याखाली राजाची आद्याक्षरे असतात. 'जी आर' म्हणजे जॉर्ज राजा. १७१४ ते १८३० पर्यंत चार जॉर्ज लागोपाठ गादीवर होते, त्यामुळे नुसत्या 'जी आर' वरून शतकापलीकडे काही हाती लागत नाही. शिवाय १९१० नंतर पुन्हा जॉर्जच आले. म्हणून अंग आधी पाहायचे: चकमकीच्या पिस्तुलावरचा 'जी आर' जुना, रिव्हॉल्व्हरवरचा नवा. 'डब्ल्यू आर' हा चौथा विल्यम, १८३० ते १८३७. 'व्ही आर' ही व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. 'ई आर' हा सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०.

मुकुटाखाली कावळ्याच्या पावलासारखी तीन रेघांची खूण शोधा. हा ब्रॉड ॲरो, सरकारी मालकीचा बाण. बाण असेल तर ते कधीतरी सरकारी होते. तो नसेल तर खासगी, ईस्ट इंडिया कंपनीचे किंवा व्यापारी असू शकते. एकमेकांकडे टोके केलेले दोन बाण दिसले तर ते शस्त्र सरकारने अधिकृतपणे विकून टाकलेले आहे. चोरीच्या मालाचा संशय दूर करणारी ही खूण आहे.

घोड्याच्या मागे 'टॉवर' हा शब्द दिसला की लोक 'टॉवर नावाच्या कंपनीने बनवले' असे समजतात. टॉवर म्हणजे लंडनचा टॉवर. तिथे ऑर्डनन्स बोर्डाचे, म्हणजे सरकारच्या शस्त्रखात्याचे, कोठार होते. नळ्या आणि लॉक (घोडा व त्याची यंत्रणा) बहुतेक बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांकडून यायचे, तपासून टॉवरच्या कोठारात जायचे आणि लागतील तसे जोडून घेतले जायचे. १७६४ पर्यंत लॉकवर कंत्राटदाराचे नाव आणि साल कोरण्याची पद्धत होती. त्या वर्षी ती बंद होऊन फक्त 'टॉवर' राहिले. लॉकवर ठळक नाव आणि १७५६ सारखे साल असेल तर तो भाग मोलाचा समजा. १७६४ नंतरच्या सरकारी लॉकवर साल दिसत नाही म्हणून मात्र निराश होऊ नका. 'डब्लिन कॅसल' असेल तर ते आयर्लंडच्या फौजेसाठीचे.

कंपनीचे पिस्तूल: हृदय आणि सिंह

आपल्याकडे सापडणाऱ्या पिस्तुलांत ईस्ट इंडिया कंपनीची बरीच असतात. तिच्या मुंबई, मद्रास आणि बंगाल अशा तीन वेगळ्या फौजा होत्या आणि त्यांची शस्त्रे कंपनी स्वतः लंडनमध्ये विकत घ्यायची. त्यामुळे त्यांच्यावर राजाचा मुकुट आणि 'टॉवर' नसते.

१८०८ पर्यंतची खूण म्हणजे चार भागांत विभागलेले हृदय, वर चारच्या आकड्यासारखी आकृती आणि आत 'व्ही ई आय सी' ही अक्षरे. ही व्यापाऱ्यांची जुनी गाठोड्यावरची खूण. इथला 'व्ही' म्हणजे 'यू', कारण त्या काळी दोन्ही अक्षरे एकाच आकाराने लिहीत: युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी. डच कंपनीची खूण वेगळी, एका मोठ्या 'व्ही' च्या दोन पायांवर 'ओ' आणि 'सी' बसवलेली. दोन्हींत 'व्ही' असल्याने घोटाळा होतो, पण आकार बघितला की शंका उरत नाही. १८०८ पासून हृदयाऐवजी मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह येतो. म्हणजे हृदय किंवा सिंह पाहूनच तुम्ही पिस्तूल १८०८ च्या अलीकडे की पलीकडे हे सांगू शकता.

१८५८ नंतर राज्य राणीकडे गेले आणि हिंदुस्थान सरकारच्या शस्त्रांवर बाणाबरोबर 'आय' हे अक्षर येऊ लागले. 'आय एस डी' ही अक्षरे इंडिया स्टोअर्स डिपार्टमेंटची. एखाद्या वेबलीवर हा 'आय' दिसला तर ती इथल्या सरकारी सेवेत होती एवढे ठामपणे म्हणता येते.

नळी

नळीच्या मागच्या टोकाला, सहसा डाव्या अंगाला, चाचणीचे ठसे असतात. नळीत जादा दारू भरून उडवायची, फुटली नाही तर ठसा मारायचा, अशी ही परीक्षा. सरकारी परीक्षेचे ठसे म्हणजे मुकुटाखाली तिरपे एकमेकांवर ठेवलेले दोन राजदंड, आणि मुकुट, 'जी आर' व बाण. लंडनच्या गनमेकर्स कंपनीचे, जिला १६३७ मध्ये सनद मिळाली, दोन ठसे असतात: मुकुटाखाली 'व्ही' आणि मुकुटाखाली गुंफलेले 'जी पी'. ईस्ट इंडिया कंपनीच्या नळ्यांवर हेच दोन ठसे वारंवार सापडतात.

बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस, म्हणजे नळ्यांच्या चाचणीचे ठिकाण, १८१३ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून १९०४ पर्यंत तिथले ठसे म्हणजे मुकुटाखाली तिरपे राजदंड आणि त्यांच्याबरोबर 'बी पी सी' व 'व्ही'. १९०४ नंतर 'बी व्ही', 'बी पी' आणि 'एन पी' अशी जोडाक्षरे येतात. एक चूक टाळा. लंडनचा ठसा म्हणजे नळी लंडनमध्ये बनली असे नाही. तपासणी तिथे झाली एवढेच. आणि 'नॉट इंग्लिश मेक' असे ठोकलेले दिसले तर ते परदेशी बनावटीचे शस्त्र १९२५ ते १९५५ च्या दरम्यान ब्रिटनमध्ये तपासले गेलेले असते.

लाकूड आणि पितळ

मुठीच्या लाकडावर कोठारप्रमुखाचा मुकुट आणि 'जी आर' चा ठसा मिळतो, कधी सालासकट. हे लाकडातले साल म्हणजे पिस्तूल कोठारात जमा झाल्याचे साल, आणि ते मिळाले तर भाग्य समजा. १८५५ च्या आधीच्या सरकारी शस्त्रावर 'बी ओ', म्हणजे बोर्ड ऑफ ऑर्डनन्स. त्या साली बोर्ड बंद झाले आणि 'डब्ल्यू डी', वॉर डिपार्टमेंट, आले. चापाच्या पितळी कमानीवर आणि बुडाच्या टोपीवर पलटणीची अक्षरे शोधा. ती घोडदळाच्या प्रकारांची असतात: 'डी जी' ड्रॅगून गार्ड्स, 'एल डी' लाइट ड्रॅगून, 'एल' लान्सर, 'एच' हुसार. त्याखालचा किंवा शेजारचा आकडा हाच तो शस्त्रागाराचा क्रमांक.

अनुक्रमांक नसताना सगळे भाग मूळचेच आहेत हे कसे ओळखायचे? त्या काळी एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला बसत नसे. प्रत्येक भाग हाताने घासून बसवायचा. म्हणून कारागीर आतल्या बाजूला कानसीच्या खाचा किंवा रोमन आकडे कोरून ठेवायचा, म्हणजे उघडलेले भाग मिसळले तरी पुन्हा जोडता यावेत. लॉकच्या आत तीन खाचा, कमानीच्या मागे तीन खाचा, नळीच्या पोटाला तीन खाचा, तर ते एकाच पिस्तुलाचे भाग. खऱ्या अर्थाने त्या पिस्तुलाचा 'नंबर' हाच. माझ्या मते संग्राहकाने पैसे मोजण्याआधी बघावी अशी ही पहिली गोष्ट आहे.

रिव्हॉल्व्हर: इथे आकडा कामाचा

१८५० नंतर यंत्रावर बनलेली, पेटंट असलेली रिव्हॉल्व्हरे आली आणि अनुक्रमांक खरोखर अनुक्रमांक झाला. ॲडम्स आणि ट्रँटर ही इंग्लिश बनावटीची रिव्हॉल्व्हरे. ॲडम्सवर आकड्यानंतर 'आर' येतो, ट्रँटरवर 'टी'. आकड्यामागचे अक्षर वगळून नोंद केली तर अर्धी माहिती गेली. कोल्ट या अमेरिकन उत्पादकाने १८५३ ते १८५६ या काळात लंडनच्या पिम्लिको भागात कारखाना चालवला. तिथे बनलेल्या 'नेव्ही' नावाच्या रिव्हॉल्व्हरांच्या नळीवर 'ॲड्रेस कर्नल कोल्ट लंडन' असे कोरलेले असते आणि त्यांची क्रमांकमाला अमेरिकेतल्या मालापेक्षा वेगळी असते. ब्रिटिश सरकारने क्रिमियाच्या युद्धाच्या काळात ती मोठ्या संख्येने घेतली. अशा कोल्टवर बाण मिळाला तर आनंद माना.

१८८० मध्ये सरकारने एनफील्डच्या सरकारी कारखान्याचे .४७६ रिव्हॉल्व्हर घेतले. त्याच्या फ्रेमवर मुकुट, 'व्ही आर', 'एनफील्ड' आणि साल असते. १८८७ मध्ये .४५५ बोअरची वेबली मार्क १ (मार्क म्हणजे आवृत्ती) आली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तिच्या वंशाची होती. मार्क ४ हे १८९९ चे, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात गेलेले. मार्क ५ डिसेंबर १९१३ चे. मार्क ६ मे १९१५ चे. पहिल्या पाचांची मूठ पोपटाच्या डोक्यासारखी गोल आणि नळी सहसा ४ इंची, सहाव्याची मूठ चौकोनी बुडाची आणि नळी ६ इंची. 'मार्क' हा शब्द नळीच्या वरच्या पट्टीवर ठोकलेला असतो. आकड्याजवळची चांदणी म्हणजे त्या मार्कमध्ये नंतर केलेला फेरबदल. मार्क ६ च्या फ्रेमवर साल स्वच्छ दिसते, त्यामुळे तिथे अनुक्रमांकावरून साल काढायची गरजच नसते.

मग अनुक्रमांक कशासाठी? जुळणीसाठी. फ्रेमवरचा आणि सिलिंडरवरचा आकडा एकच आहे का ते पाहा. वेगळा असेल तर सिलिंडर बदललेले आहे. सिलिंडरचा मागचा चेहराही बघा. अमेरिकेत विकलेल्या मार्क ६ च्या सिलिंडरचा मागचा भाग .४५ एसीपी या अमेरिकन काडतुसासाठी तासलेला असतो. तसे असेल तर मूळ रूप गेले. मुकुट, त्याखाली आकडा आणि त्याखाली 'ई' असे छोटे ठसे जागोजागी दिसतील. ते एनफील्डच्या तपासनिसांचे. एकेक भाग एकेका माणसाने पाहून पास केल्याची ती सही आहे. त्यांची संख्या मोजत बसू नका.

अधिकारी आपले शस्त्र स्वखर्चाने विकत घ्यायचे, हेही विसरू नका. त्यावर बाण नसतो, दुकानाचे नाव असते. 'आर्मी अँड नेव्ही' असे लिहिलेले वेबली मिळाले तर मुंबईकरांना काळा घोड्याजवळची त्याच नावाची इमारत आठवेल. त्या सोसायटीचे मुंबईत दुकान होते. पण रिव्हॉल्व्हर मुंबईतच विकले गेले असे त्यावरून ठरत नाही.

ठसे एकमेकांशी भांडतात तेव्हा

खैबर खिंडीच्या आणि दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या ब्रिटिश शस्त्रांच्या नकला बनवल्या. हात अत्यंत कसबी, पण इंग्रजी अक्षरे चित्र म्हणून नक्कल केलेली. म्हणून 'एन' उलटा, स्पेलिंग चुकलेले, ठसा ठोकण्याऐवजी छिन्नीने कोरलेला, आणि 'व्ही आर' च्या खाली १९१५ सारखे साल. राणी १९०१ मध्ये गेली. ठशांचे आपसात पटत नसेल तर तिथेच थांबा. तशीच आजकाल शोभेसाठी बनवलेली 'टॉवर' पिस्तुले जुन्या बाजारात फिरतात. त्यांचे लॉक ओतीव असते, मुकुटाच्या कडा बोथट असतात, आणि नळीवर तपासणीचा एकही ठसा नसतो किंवा सगळे ठसे एकाच खोलीचे असतात. खरे ठसे वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या दिवशी ठोकलेले असतात. त्यांचा कोन आणि खोली कधीच सारखी नसते.

एक पिस्तूल शेवटपर्यंत वाचून पाहू

समजा, नळी ९ इंच, बोअर १६.५ मिलिमीटर, गज बिजागरीचा, चकमक. लॉकवर उभा सिंह. नळीवर मुकुटाखाली 'व्ही' आणि 'जी पी'. पितळी टोपीवर '३ एल सी', कमानीवर ६१२.

अंगावरून घोडदळाचे. सिंहावरून कंपनीचे आणि लॉक १८०८ नंतरचे. चकमक तशीच राहिली आहे, म्हणजे बहुधा १८४० च्या आधीचे. नळी लंडनमध्ये तपासलेली, हे कंपनीच्या खरेदीशी जुळते. लॉकच्या आत दोन खाचा, कमानीमागेही दोन, म्हणजे ते एकत्र वाढलेले भाग. '३ एल सी' म्हणजे तिसरे लाइट कॅव्हलरी. इथे घरच्यांचे डोळे चमकतात, कारण १० मे १८५७ ला मेरठमध्ये उठाव सुरू करणारी पलटण तिसरी लाइट कॅव्हलरीच होती. पण ती बंगालची. मद्रास फौजेतही तिसरे लाइट कॅव्हलरी होते आणि मुंबईच्या फौजेतही. टोपीवर फौजेचे नाव नाही. त्यामुळे नोंदवहीत लिहायचे ते असे: 'ईस्ट इंडिया कंपनीचे चकमकीचे घोडदळ पिस्तूल, लॉक १८०८ नंतरचे, तिसरे लाइट कॅव्हलरी, फौज अनिश्चित, शस्त्रागार क्रमांक ६१२.' घराणे साताऱ्याचे असेल तर मुंबई फौजेची शक्यता जास्त, हे वेगळ्या ओळीत आणि 'शक्यता' हा शब्द ठेवूनच.

या नोंदीबरोबर मापे, बटर पेपरवरचे छाप आणि तिरप्या उजेडातले फोटो एकाच पाकिटात ठेवा. पाकीट पिस्तुलाच्या पेटीत ठेवू नका, वेगळ्या कपाटात ठेवा. पेटीत ओल शिरली तर कागद तरी शिल्लक राहतील.